पुना पाटकऱ्याचं फावडं

प्रेमराज नानांच्या गोठ्यात शेण ओढायचं एक फावडं होतं. दांडा बाभळीचा, पातं झिजून निम्मं झालेलं. कमलबाई ते फावडं अठरा वर्षं रोज पाहत होती. तिचं घर सावळटेक गावाच्या खालच्या टोकाला आणि वावर त्याहून खाली. वावराच्या वाटेत हा गोठा येत नाही, त्यासाठी उलट दिशेला दोन गल्ल्या चढून जावं लागतं. तरी ती रोज सकाळी तिकडून जायची, फाटकाशी क्षणभर थांबायची, फावडं जागेवर आहे एवढं बघायची आणि मग वावराकडे वळायची.

मी या गावात ग्रामसेवक म्हणून हजर झालो त्या आठवड्यात मला वाटलं, बाईला शेण हवं असेल. हिलाल नावाचा एक शेतकरी दाखल्यासाठी कार्यालयात बसला होता, त्याला विचारलं.

"शेन नही भाऊसाहेब," तो म्हणाला. "ती तिना नवराले देखाले जास."

"तिचा नवरा गोठ्यात काम करतो?"

"तो मरी गया. पावडा शे ना तठे."

मग त्याने सगळं सांगितलं. पुढे निरनिराळ्या लोकांकडून तेच ऐकलं, आणि प्रत्येक वेळी हकिगत तंतोतंत तीच निघाली. गावातली बाकी कुठलीही गोष्ट दोन माणसं सारखी सांगत नाहीत.

सावळटेक धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात आहे. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून निघालेला पाट अडीच किलोमीटर जातो आणि चौतीस वावरांना पाणी देतो. या भिजणाऱ्या पट्ट्याला फड म्हणतात. फडात स्वतःचं पाणी कुणी स्वतः घ्यायचं नसतं. पाटाच्या कडेला प्रत्येक वावराचं एक तोंड असतं, त्याला बारं म्हणतात. ते उघडायचं आणि माती ओढून बुजवायचं काम एकाच माणसाचं, तो पाटकरी. त्याला पगार नसे, प्रत्येक वावरातून धान्याचा ठरलेला वाटा मिळे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पाटकरी आपलं फावडं पंचांपुढे ठेवी. पंचांतला मोठा माणूस फावड्याला कुंकू लावून ते नारळासह परत त्याच्या हातात देई. तेवढ्यावर पुढचं वर्ष ठरलं. कागद नाही, सही नाही.

पुनाच्या घरात हे काम चार पिढ्या होतं. कमलबाई सतरा वर्षांची असताना लग्न होऊन आली आणि पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्यामागून पाटावर चालू लागली. बारं किती उघडलं की वावर किती वेळात भरतं, खेकड्याने काठ कुठे पोखरलाय, पाण्याचा आवाज बदलला म्हणजे वर कुणी तोंड फोडलंय, हे सगळं ती तिथे शिकली. पुना फार बोलत नसे. पण कुणाची पाळी त्याने कधी चुकवली नाही, आणि कुणाच्या दबावाला बळी पडून पाळी पुढेही घेतली नाही.

२००६ सालच्या आखाजीला पुनाने नेहमीप्रमाणे मारुतीच्या पारावर फावडं ठेवलं. त्या वर्षी पंचांत प्रेमराज नाना पहिल्यांदाच मोठ्या जागेवर बसले होते. त्यांचं वावर बंधाऱ्याला लागून, बारा एकर. नुकतीच त्यांनी बंधाऱ्यावर दहा एचपीची मोटार बसवली होती. त्यांनी फावडं उचललं, दांडा हातात तोलून पाहिला आणि कुंकवाचं ताट बाजूला सारलं.

"आते घरोघर मोटारी शेतस," नाना म्हणाले. "पाटकरी कसाले लागस? हाऊ पावडा मना गोठामा कामले यी."

काही लोक हसले. नानांचा गडी फावडं घेऊन गेला. पुना तसाच उभा राहिला, हात पुढे केलेला. कमलबाई बायकांच्या घोळक्यात होती. माहेरी आलेल्या लेकींचे झोके मागे चिंचेवर चालू होते आणि त्यांची गाणी थांबली नव्हती, हे ती अजून सांगते. कोण हसलं त्यांचीही नावं सांगते. अकरा आहेत.

त्यानंतर बंधाऱ्यावर ओळीने मोटारी बसल्या. ज्याची मोटार मोठी त्याचं पाणी मोठं. पाट कुणी साफ करेना, बंधाऱ्यातला गाळ कुणी काढेना. पाटाच्या शेपटाकडची वावरं तीन वर्षांत कोरडी पडली. हिलालचं वावर अगदी शेवटी. तो म्हणायचा, "आमना वावरले पानी फोटोमा बी दिखत नही." पुना जळगावला गेला आणि एका डाळ मिलच्या फाटकावर राखणदार म्हणून सहा वर्षं बसला. ज्याने पाण्यामागे आयुष्यभर चालायचं, त्याने एका खुर्चीत बसून ट्रकचे नंबर पाहायचे. छातीचं दुखणं घेऊन परत आला आणि महिन्याभरात गेला. शेवटी शेवटी एकच वाक्य बोलायचा, "मना पावडा शेनमा गया, कमल."

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर कमलबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्या हातनी पावडा लिया, त्याच हातनी तो परत दी. ज्या तोंडनी 'पाटकरी कसाले' सांगं, त्याच तोंडनी पानी मांगी." लोकांना वाटलं दुःखात बोलतेय. तिने त्यानंतर हा विषय पुन्हा कधी काढला नाही. रोज गोठ्यापाशी जाऊन यायची, एवढंच.

नानांनी हे ऐकलं होतं. एकदा फाटकात उभी असलेली पाहून म्हणाले होते, "काय व कमल, देखी देखी पावडा झिजी जाई!"

"झिजू द्या नाना," ती म्हणाली. "दांडा मजबूत शे."

२०२३च्या हिवाळ्यात गावाचा विकास आराखडा करायचा होता. तालुक्याहून रूपा नावाची एक प्रशिक्षक मुलगी आली. मूळची पारोळ्याची, बोलायला स्पष्ट. तिने सांगितलं की पाच वर्षांत गावाला स्वतःच्या पाण्यावर उभं करायचं असेल तर बंधाऱ्यातला गाळ काढणं आणि पाट दुरुस्त करणं हे पहिलं काम. निधी मिळेल, पण दोन अटींवर. बंधाऱ्यावरच्या सगळ्या मोटारी निघाल्या पाहिजेत, आणि पाणीवाटपाचा नियम ग्रामसभेने स्वतः ठरवून आराखड्यात घातला पाहिजे.

मोटारींच्या अटीला सगळ्यात आधी प्रेमराज नानांनी मान हलवली. मला आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं. बंधारा गाळाने भरल्यामुळे त्यांच्या मोटारीला फेब्रुवारीतच हवा लागायची. पाच बोअर कोरडे गेले होते. गाळ निघाला, पाट वाहता झाला, तर त्यांच्या वावरापासून पाटाचं तोंड चाळीस पावलांवर. पाणी आधी त्यांच्याकडेच येणार, यात त्यांना शंका नव्हती.

आराखड्यासाठी शिवारफेरी निघाली. गावातली पन्नासेक माणसं, पुढे कमलबाई. रूपाने तिलाच वाट दाखवायला सांगितलं होतं, कारण पाटाचा अर्धा भाग झुडपांत गेला होता आणि तो कुठून जातो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. नाना आले ते मोटारसायकलवर. बंधाऱ्यापाशी चहा घेतला, फोटो काढला आणि म्हणाले, "मना वावर माले कोन दाखाडस? तुम्ही हिंडा." आणि गेले.

म्हणून ते दगड त्यांनी पाहिले नाहीत.

पाटाच्या कडेला प्रत्येक बाऱ्यापाशी एक दगड पुरलेला आहे आणि त्यावर आकडा कोरलेला आहे. कमलबाईने विळ्याने गवत कापत, माती खरवडत ते एकेक दाखवले. आम्ही वरून खाली चाललो होतो, त्यामुळे तेहतीस, बत्तीस, एकतीस असे आकडे उतरत गेले. शेवटी हिलालच्या वावरात, जिथे पाट संपतो, तिथे बोरीखाली एकचा दगड निघाला.

"मोजणी उलटी का?" रूपाने विचारलं.

"उलटी नही व ताई. पानी पहिले शेपटले जास," कमलबाई म्हणाली. "शेपटावाला भिजना म्हनजे मधमा कोनी चोरं नही. आनि वरलानी पाळी शेवटली, तर पानी लवकर खाले पोचाले तोच धावपळ करस. राखणदार ठेवना नही पडत."

रूपाने ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "हे आम्हाला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही."

चौतीसचा दगड मात्र सापडला नाही. तो नानांच्या बाऱ्यापाशी असायला हवा होता. मागे कधी तरी त्यांनी मोटारघर बांधलं तेव्हा जवळचे चांगले दगड उचलून पायाभरणीत घातले, त्यात तोही गेला. रूपाने नकाशात तिथे चौतीस हा आकडा लिहिला. नकाशा मोठ्या कागदावर, रंगीत, ग्रामसभेआधी दोन महिने कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेला होता. नाना त्याच्याखालच्या खुर्चीत बसून माझ्याशी बोलायचे. त्यांची पाठ नकाशाकडे असे.

२६ जानेवारीला ग्रामसभा झाली. गणपूर्ती झाली, आराखडा वाचला, पाणीवाटपाचा विषय आला. कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाका, कुणी म्हणालं एकराप्रमाणे तास द्या. तेव्हा कमलबाई उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, आवाज बारीक. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"नाना, काही बी करा, पन नंबरनं नका करू," ती म्हणाली. "नंबर लागना तर आम्ही गरीब लोक मरी जासूत."

नाना खुर्चीतच पुढे सरकले. गावातल्या कुठल्याही यादीत त्यांचं नाव पहिलं असतं. देवळाच्या देणगीदारांत पहिलं, सोसायटीच्या सभासदांत पहिलं, लग्नपत्रिकांत पहिलं. नंबर म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

"का नही नंबरनं?" ते म्हणाले. "नंबरनंच व्हई! दया करीसन पाट चालत नही. भाऊसाहेब, लिखा. एक नंबरपाईन पानी सुरू. नंबर सोडीसन कोनले थेंब नही."

"नाना, निदान आजारी, रांडमुंड…" कमलबाई म्हणाली.

"नियम म्हनजे नियम! आनि लिखा, मधमा कोनी मोटार टाकी तर त्यानी त्या हंगामनी पाळी बंद."

मी लिहिलं. मग उभं राहून विचारलं, "ठरावात वावरांचे क्रमांक नकाशाप्रमाणे, असं येईल. नकाशातले क्रमांक वाचून दाखवू का?"

"वाचानी काय गरज? बठ्ठासले आपापला वावर माहीत शे."

सभेत साठीच्या वरची निदान वीस माणसं होती. पाटाची मोजणी कुठून होते हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. २००६ साली पारावर हसलेल्या अकरांतले सातजण त्यांत होते आणि त्या सातांपैकी पाचांची वावरं आता कोरडी होती. एकानेही तोंड उघडलं नाही. हिलाल खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होता. सूचक म्हणून नानांनी सही केली. अनुमोदक हिलाल.

पाटकरी नेमायचा प्रश्न राहिला. कमलबाईने स्वतःचं नाव सुचवलं.

नाना मोठ्याने हसले. "बाई पाटकरी? कर माय, कर. पन पावडा तुना घरना आन. पंचायत देवाव नही."

"मना घरनाच आनसू नाना," तिचा पदर आता खांद्यावर आला होता आणि आवाज नेहमीचा झाला होता. "तुमना गोठामा शे."

नानांना हसण्यावारी न्यायचं होतं, पण साठ-सत्तर माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि कुणी हसत नव्हतं.

"एक झिजेल पावडा," ते शेवटी म्हणाले. "ली जा."

"तशी नही. आखाजीले. पारवर. तुमना हातनी."

आखाजी १० मेला होती. तोवर गाळ निघाला होता, अडीच किलोमीटर पाट उकरून मोकळा झाला होता, मोटारी उतरल्या होत्या. नानांचा मुलगा कुंदन फावडं घेऊन पारावर आला. घरून निघताना त्याने नळाखाली धरायचं म्हटलं, तर फाटकात कमलबाई उभी होती.

"धुवानी गरज नही. जसा शे तसाच आन."

पारावर नानांनी ते शेणाने माखलेलं फावडं दोन्ही हातांनी उचललं. कुंकू पात्यावर बसेना, शेणात मिसळून जायचं, म्हणून त्यांना अंगठ्याने दोनतीनदा घासावं लागलं. मग नारळ. मग त्यांनी हात पुढे केले. कमलबाईने फावडं लगेच घेतलं नाही. पुना जितका वेळ उभा राहिला होता तितका वेळ तिने त्यांना उभं ठेवलं. मला कसं कळलं? ती नंतर म्हणाली, पुना उभा असताना चिंचेवर चाललेलं ते गाणं मनात पूर्ण म्हटलं.

तेराव्याच्या तिच्या बोलण्यातला अर्धा भाग झाला होता. अर्धा राहिला होता.

नोव्हेंबरमध्ये बंधारा काठोकाठ होता. पहिल्या पाळीच्या सकाळी नाना पांढरे कपडे घालून, दोन गडी घेऊन आपल्या बाऱ्यापाशी आले. तीन एकर कांद्याची लागवड करून ठेवली होती आणि पहिलं पाणी आलं तसं वावरात घ्यायचं होतं. पाट भरून आला, त्यांच्यासमोरून वळला आणि खाली निघून गेला. कमलबाई काठाने पाण्याबरोबर चालत होती, खांद्यावर फावडं.

"अवं कमल! कथा चालनी? एक नंबर आठे शे!"

"एक नंबर हिलालभाऊनं वावर. तुमना चौतीस." ती थांबली नाही.

हिलालच्या वावरात पंधरा वर्षांनी पाणी शिरलं. तो चपला हातात घेऊन मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "शाळामा कधी पहिला नंबर उना नही! आज उना!"

दुपारी नाना कार्यालयात आले. मी ठराव काढून दाखवला. नंतर त्यांना वळून भिंतीवरचा नकाशा पाहायला सांगितलं. त्यांनी पाहिला. एक हा आकडा शोधायला त्यांना बोट कागदाच्या पार खालच्या कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं.

"भाऊसाहेब, तुमले माहीत व्हतं."

"मी वाचून दाखवू का विचारलं होतं, नाना. कार्यवृत्तात तशी नोंद आहे."

ते तालुक्याला गेले. तिथे सांगितलं गेलं की मंजूर आराखड्यातला नियम ग्रामसभाच बदलू शकते. खास सभेच्या मागणीवर त्यांना चार सह्या मिळाल्या. दोन त्यांच्याच घरच्या.

रोज दोन वावरं भिजत. म्हणजे नानांची पाळी सतराव्या दिवशी, तीही संध्याकाळच्या सुमारास. आठव्या दिवशी कांद्याची पात पिवळी पडू लागली. त्यांनी गड्याला मोटार काढायला सांगितली, मोटार बैलगाडीत चढली, आणि मग कुंदननेच आठवण करून दिली की मोटार टाकणाऱ्याची हंगामाची पाळी बंद, आणि ते वाक्य कुणाचं आहे. मोटार उतरवली.

दहाव्या दिवसापासून गावाने एक नवीन गोष्ट पाहिली. प्रेमराज नाना पाटाच्या काठाने हिंडताना दिसू लागले. म्हशी हाकलत, काठ खचला तर गड्याकडून माती टाकून घेत, कुणी बारं बुजवायला पाच मिनिटं उशीर केला तर ओरडत. पाणी जितकं वाया जाईल तितकी त्यांची पाळी लांबणार होती. जुन्या माणसांनी मोजणी शेपटापासून का ठेवली होती, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बाया पाण्याला जाताना म्हणायच्या, "फडले नवा जागल्या लागना." जागल्या म्हणजे राखणदार. त्यांना ऐकू येईल इतक्या जवळून म्हणायच्या.

चौदाव्या दिवशी कुंदन कमलबाईच्या घरी आला. कांदा हातचा जातोय, काही तरी करा, म्हणाला. तिने त्याला चहा दिला.

"तुना काही दोष नही भाऊ," ती म्हणाली. "पन पावडा तू लिया नव्हता. ज्यानी लिया तो यी."

सतराव्या दिवशी पाचच्या सुमारास तेहतिसावं वावर भरलं. कमलबाईने बारं बुजवलं आणि नानांच्या बाऱ्यापाशी येऊन काठावर बसली. पाळी त्यांचीच होती. नियमाप्रमाणे पाणी द्यायचंच होतं, ते मागावं लागावं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण तिने फडकं सोडून भाकरी काढली. दिवसभर जेवले नाही, म्हणाली. एव्हाना तेहतीस वावरांचे लोक काठावर जमले होते. कुणी बोलावलं नव्हतं.

नाना समोर उभे होते. पांढऱ्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल.

"कमल, सोड पानी."

ती भाकरी खात राहिली.

"कमलअक्का, पानी सोड."

"काय सांगं? पाटना आवाजमा ऐकाले उनं नही."

नानांनी काठावरच्या लोकांकडे पाहिलं. मग आपल्या कांद्याकडे.

"कमलअक्का," ते मोठ्याने म्हणाले, "मना वावरले पानी सोडा."

'सोड' नाही, 'सोडा'. इथे आजवर त्यांनी हा शब्द कुठल्या बाईला वापरल्याचं कुणाला आठवत नाही.

कमलबाईने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. हात धुतले. पुनाचं फावडं उचललं आणि चार फटक्यांत बारं उघडलं. पाणी तिने पुरतं दिलं, घड्याळ लावून, एक मिनिटही कमी नाही. मी नंतर विचारलं, थोडं कमी द्यावंसं वाटलं नाही का? ती म्हणाली, "कमी देती तर त्याले बोलाले जागा राहती."

तीन एकरांतला दीड एकर कांदा वाचला. उरलेला नानांनी नांगरून टाकला.

आता दुसऱ्या वर्षाची पाळी चालू आहे. शेपटाकडच्या नऊ वावरांत गहू आहे आणि जिल्ह्यातून लोक आमचा आराखडा बघायला येतात. कमलबाई त्यांच्याशी फारसं बोलत नाही. सकाळी फावडं खांद्यावर टाकून घरून निघते. पाट खालच्या अंगाला आहे, पण ती अजून आधी वरच्या गल्लीतून जाते. गोठ्याच्या फाटकाशी येते, थांबते आणि फावड्याचं पातं फाटकाच्या लोखंडावर एकदा आपटते. टण्ण. आत नाना चहा पीत असतात. मग ती वळून पाटाकडे निघते.